दोनशे मीटरचं वचन

सेको कंपनीचं एसकेएक्स ००७ हे घड्याळ हातात घ्या आणि त्याच्या काचेभोवतीचं काळं कडं फिरवून पाहा. काट्यांच्या उलट दिशेने ते टक्-टक् करत सहज फिरतं. सुलट दिशेने मात्र कितीही जोर लावा, जागचं हलत नाही. जगभरचे घड्याळवेडे या कड्याला 'बेझल' म्हणतात. ते एकाच दिशेने फिरतं, त्यामागचं कारण समजलं तेव्हापासून मला या घड्याळांनी पकडून ठेवलं आहे.

डायव्हर पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवतो. मग काटा पुढे सरकतो तसतशी, खाली येऊन किती मिनिटं झाली ते बेझलवर थेट वाचता येतं. आता समजा, खडकाचा धक्का लागून बेझल सरकलं. ते उलट दिशेलाच सरकू शकतं, म्हणून झालेली वेळ खरीपेक्षा जास्त दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. डायव्हर फसलाच तर वेळेआधी वर येईल, टाकीत हवा शिल्लक असताना. धक्का लागणार हे गृहीत धरून, होणाऱ्या चुकीलाच जीव वाचवणाऱ्या बाजूला वळवून ठेवलं आहे.

हे घड्याळ १९९६ मध्ये बाजारात आलं आणि २०१९ च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं. त्या काळात अमेरिकेत ते बहुतेक वेळा दोनशे डॉलरच्या आत मिळायचं. पाण्याखाली नेण्याजोगं नावाजलेलं स्विस घड्याळ घ्यायचं तर हजारो डॉलर मोजावे लागतात. एवढ्या कमी पैशांत एवढा विचार कसा काय मावला? आणि जे घड्याळ संग्राहक इतकं जपतात, त्याच्याबद्दल तेच इतक्या तक्रारी का करतात? मला वाटतं, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे मुळीच वाचवायचा नाही, याचा निर्णय ही घड्याळं करणाऱ्यांनी स्पष्टपणे घेतला होता.

जपानी डायव्हिंग घड्याळांची सुरुवात १९६५ ची. त्या वर्षी सेकोने १५० मीटर खोलीचं आपलं पहिलं डायव्हर घड्याळ आणलं. संग्राहक ते '६२ मास' या नावाने ओळखतात. अंटार्क्टिकावर गेलेल्या जपानी संशोधन पथकाच्या मनगटांवर ते होतं. पुढे १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातून एका व्यावसायिक डायव्हरचं पत्र कंपनीकडे आलं. समुद्रात फार खोल काम करणारे डायव्हर दिवसचे दिवस दाबाखालच्या कक्षात राहतात आणि तिथे हेलियममिश्रित हवा घेतात. अशा कामात तुमची घड्याळं टिकत नाहीत, असं त्याने कळवलं होतं. हेलियमचे अणू इतके लहान की रबरी रिंगांमधूनही ते घड्याळात शिरतात. वर येताना बाहेरचा दाब उतरतो, आतला वायू अडकून राहतो आणि काच उडू शकते.

स्विस घड्याळांनी यावर हेलियम बाहेर सोडणारी झडप बसवली होती. सेकोचे इकुओ टोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली: हेलियम आत येऊच द्यायचा नाही. सात वर्षांच्या खटपटीनंतर १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ तयार झालं. त्याची केस टायटॅनियमची आणि अखंड, म्हणजे मागून उघडणारं झाकणच नाही. काचेखाली खास आकाराची रबरी रिंग आणि बाहेरून एक संरक्षक कवच. टूना माशाच्या डब्यासारखं दिसतं म्हणून लोकांनी त्याला 'टूना' हे नाव दिलं.

याच घड्याळासोबत एक साधीशी गोष्ट आली. खोल पाण्यात दाबामुळे डायव्हरचा रबरी पोशाख आकसतो, मनगटाचा घेर कमी होतो आणि किनाऱ्यावर घट्ट बांधलेला पट्टा सैल पडतो. म्हणून पट्ट्याच्या काही भागाला घड्या दिल्या. बांधताना त्या ताणल्या जातात आणि खाली गेल्यावर आपोआप आवळतात. टायटॅनियमची अखंड केस महागच राहिली, पण हा घड्यांचा पट्टा पुढे स्वस्त घड्याळांपर्यंत उतरला. एसकेएक्सच्या रबरी पट्ट्यावर तुम्हाला त्या घड्या दिसतील. अनेकांना ती नक्षी वाटते.

आता तबकडीवरचे शब्द पाहा. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिणं वेगळं आणि 'डायव्हर्स २०० मीटर' लिहिणं वेगळं. दुसऱ्यामागे आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक उभं आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८२ ची. नमुन्यादाखल चारदोन घड्याळं तपासून इथे भागत नाही, प्रत्येक घड्याळ पाण्याच्या दाबाखाली तपासावं लागतं, तेही लिहिलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाखाली. म्हणजे २०० मीटर लिहायचं तर २५० मीटरचा दाब सोसून दाखवायचा. नंतर घड्याळ तापवून त्याच्या काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसून पाहतात. आतून जराही धुकं धरलं, तर कुठून तरी ओल आत गेली आहे आणि घड्याळ नापास. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की बंद पडलं आहे, हेही त्या अंधारात कळलं पाहिजे. सेकंदकाट्यावर चमकणारा एक ठिपका असतो, तो यासाठी. हवा मोजून घेणाऱ्या माणसाच्या हातावर बंद पडलेलं घड्याळ हे घड्याळ नसण्यापेक्षा धोक्याचं.

दोनशे मीटर म्हणजे नेमकं किती, याचा हिशेब करून पाहू. त्या खोलीवर पाणी दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास २० किलोचा भार टाकतं. एसकेएक्सच्या काचेचा व्यास सुमारे ३१ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेसात चौरस सेंटिमीटर. एकट्या काचेवर दीडशे किलो! हौशी डायव्हर साधारणपणे ४० मीटरच्या खाली जात नाहीत, त्यामुळे एवढा भार सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. तरीही तो पेलण्याची तयारी प्रत्येक घड्याळात आहे. किल्ली आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची आणि ती तीनच्या ऐवजी चारच्या आकड्यापाशी, म्हणजे मनगट वळवताना हाताच्या पंजाला टोचत नाही.

या सगळ्यावर खर्च झाला. मग वाचवला कुठे? यंत्रात. आतलं ७एस२६ हे ऑटोमॅटिक यंत्र हात हलेल तशी स्प्रिंग गुंडाळतं. त्यासाठी सेकोने १९५९ मध्ये शोधलेली 'मॅजिक लीव्हर' नावाची युक्ती वापरली आहे. अर्धगोल वजन फिरलं की दोन फाट्यांची एक बारीक पट्टी पुढेमागे होते. तिचा एक फाटा दातेरी चाक ओढतो, दुसरा ढकलतो. वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, चाक मात्र एकाच दिशेने पुढे जातं. एरवी या कामासाठी उलटसुलट फिरणाऱ्या चाकांची गुंतागुंत लागते. इथे भाग कमी, म्हणून खर्च कमी, बिघाडही कमी. साधेपणा आणि टिकाऊपणा हातात हात घालून येतात, तो हा दुर्मीळ योग.

पण याच यंत्रात संग्राहकाच्या तक्रारींचं मूळ आहे. किल्ली बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे वेळ सेकंदाला सेकंद लावता येत नाही. किल्ली फिरवून चावीही देता येत नाही. बंद पडलेलं घड्याळ हातात धरून हलकेच डोलवत बसायचं. आणि अचूकता? दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे, एवढी मोकळीक कंपनीनेच ठेवलेली. क्वार्ट्झच्या जमान्यात हे आकडे वाचून कुणीही नाक मुरडेल.

तेच आकडे पाण्याखाली नेऊन पाहा. दिवसाला ४० सेकंद पुढे जाणारं घड्याळ चाळीस मिनिटांच्या डायव्हिंगमध्ये एका सेकंदाहून किंचित जास्त चुकतं. डायव्हरला त्याने काडीचाही फरक पडत नाही. सेकंदकाटा थांबतो की नाही, याच्याशीही त्याला कर्तव्य नाही, कारण त्याला मिनिटं मोजायची आहेत. रोज घालतो म्हणून त्याचं घड्याळ बंदही पडत नाही. ज्याच्याकडे दहा घड्याळं आहेत, त्याचीच नऊ दर दोन दिवसांनी थांबतात. घड्याळाने समुद्राला वचन दिलं होतं, कपाटाला नव्हे.

मात्र सगळ्याच उणिवा अशा माफ करता येत नाहीत. बेझलवरचा त्रिकोण बाराच्या खुणेशी तंतोतंत जुळत नाही, तबकडीभोवतीची मिनिटांची रिंग किंचित वाकडी बसलेली असते, हे या घड्याळांत वारंवार दिसतं आणि महागड्या सेकोंमध्येही दिसलं आहे. जीवावर बेतणारी ही गोष्ट नव्हे, पण ज्यांनी इतकं सगळं नीट केलं त्यांनी एवढं का सोडलं, हे मनाला लागतं. स्टीलची चेन पोकळ कड्यांची, हातात खुळखुळणारी. काच 'हार्डलेक्स' या कडक केलेल्या खनिज काचेची. आघात ती चांगला सोसते, पण नीलमणी काचेच्या मानाने ओरखडे लवकर पडतात. लोकांनी यातूनही वाट काढली. सुटी काच, काटे, तबकड्या, चेन विकणारा एक जगव्यापी बाजारच या घड्याळाभोवती उभा राहिला.

हा वारसा एकट्या सेकोचा नाही. सिटिझनच्या १९७७ मधल्या 'चॅलेंज डायव्हर'ची गोष्ट कंपनी अभिमानाने सांगते. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लाँग रीफ किनाऱ्यावर एक घड्याळ सापडलं, बार्नकल नावाच्या कवचधारी जीवांनी पार मढलेलं, आणि ते चालू होतं! याच सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या मनगटांवरची. ओरिएंटची 'कामासू' नीलमणी काच देते, चावी देता येणारं यंत्रही देते. २०० मीटर लिहिते, पण डायव्हर्स मानकाचा शिक्का मात्र तिच्यावर नाही. या तीन कंपन्यांची घड्याळं शेजारी ठेवली की कुणी पैसा कुठे घातला, हे लगेच उमगतं.

खरी चुटपुट लावणारी गोष्ट २०१९ ची. एसकेएक्सच्या जागी 'सेको ५ स्पोर्ट्‌स' ही नवी मालिका आली. संग्राहकांनी वर्षानुवर्षं मागितलेलं बरंच काही तिने दिलं: सेकंदकाटा थांबतो, चावी देता येते, पाठीमागच्या काचेतून यंत्र दिसतं. चेहराही जवळजवळ तोच. पण खोली २०० वरून १०० मीटरवर आली, किल्लीचे आटे गेले आणि तबकडीवरून 'डायव्हर्स' हा शब्दही गेला. रोजच्या वापराला आणि पोहायला ते छान घड्याळ आहे. डायव्हर्स मानकाचं सेको हवं असेल तर आता 'प्रॉस्पेक्स' मालिकेकडे वळायचं आणि जास्त पैसे मोजायचे. तक्रारी ऐकल्या गेल्या, आणि मूळ वचन त्या बदल्यात खर्ची पडलं.

म्हणून विकत घेताना आधी तबकडीवरचे शब्द वाचा आणि किल्ली आट्यांवर बसते का ते तपासा. जुनं घेत असाल तर दुप्पट सावध राहा. रबरी रिंगा वयानुसार सुकतात. दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय असं घड्याळ तारकर्लीच्या पाण्यात नेऊ नका, मागच्या झाकणावर काहीही कोरलेलं असो. जुन्या सेकोंच्या रंगवलेल्या, भडक तबकड्या जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखल्या जातात. आपल्या कारागिरांनी बंद पडलेली घड्याळं पुन्हा चालती केली, ही कमाल खरी, पण मूळ घड्याळ शोधणाऱ्याने त्यावर मूळ घड्याळाचे पैसे टाकू नयेत.

स्वस्त वस्तू म्हणजे सगळीकडून थोडी थोडी काटछाट, अशी आपली समजूत असते. या घड्याळांत ती काटछाट एकीकडेच झाली. सजावटीत झाली, सोयीत झाली, सेकंदांच्या नेमकेपणात झाली. पाणी रोखणाऱ्या रिंगेत, अंधारातल्या ठिपक्यात आणि एकाच दिशेने फिरणाऱ्या कड्यात झाली नाही. गरिबाला परवडणाऱ्या औषधात, हेल्मेटमध्ये, विजेच्या बटणात मला हाच निवाडा हवा आहे. पैसे कमी असतील तर चकाकी कमी करा, जीव सांभाळणारी गोष्ट पूर्ण द्या. एसकेएक्स ००७ ने तेवीस वर्षं हे करून दाखवलं, म्हणून त्याच्या वाकड्या रिंगेसकट मी त्याला मोठं मानतो.