गुरेत्स्की : पंधरा वर्षांनी पोहोचलेली सिंफनी

आज आपण हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की या पोलिश संगीतकाराविषयी बोलणार आहोत. त्यांचं नाव निघालं की बहुतेक लोक एकच गोष्ट सांगतात. 1992 साली त्यांच्या तिसऱ्या सिंफनीची रेकॉर्ड बाजारात आली आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये तर ती पॉप अल्बमच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. साठीकडे झुकलेला संगीतकार एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला, असं सांगतात.

पण ही सिंफनी लिहिली गेली होती 1976 मध्ये. मग मधल्या पंधरा-सोळा वर्षांत हा माणूस काय करत होता? आमच्या मते गुरेत्स्की समजून घ्यायचे तर प्रश्न हाच विचारायला हवा.

सुरुवातीपासून पाहू. जन्म 6 डिसेंबर 1933 चा, सायलेशियातल्या चेर्नित्सा गावचा. सायलेशिया म्हणजे कोळशाच्या खाणींचा, कामगारांचा मुलूख. जेमतेम दोन वर्षांचे असताना आई गेली. ती पियानो वाजवायची. चौथ्या वर्षी पडून कमरेचा सांधा निखळला, वेळेवर नीट उपचार झाले नाहीत, हाडांचा क्षय झाला, शस्त्रक्रिया झाल्या आणि दुखणं जन्माचं मागे लागलं. संगीताचं रीतसर शिक्षणही उशिराच सुरू झालं. आधी दोन वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. 1955 मध्ये ते कातोवित्सेच्या संगीत अकादमीत दाखल झाले. तिथे त्यांना गुरू मिळाले बोलेस्वाव शाबेल्स्की, आणि शाबेल्स्की हे कारोल शिमानोव्स्की यांचे शिष्य. म्हणजे विसाव्या शतकातल्या पोलिश संगीताची थेट परंपराच त्यांच्या हाती आली.

काळही अनुकूल होता. स्टालिननंतर पोलंडमधली बंधनं थोडी सैल झाली आणि 1956 मध्ये ‘वॉर्सा ऑटम’ हा नव्या संगीताचा महोत्सव सुरू झाला. 1960 च्या महोत्सवात गुरेत्स्कींची ‘स्कोन्त्री’ ही रचना वाजली. स्कोन्त्री म्हणजे टकरी. नावाप्रमाणेच कर्कश, आदळआपट करणारं संगीत! पेंडेरेत्स्कींच्या जोडीने त्यांचंही नाव पोलंडच्या बंडखोर तरुणांत घेतलं जाऊ लागलं. त्याच वाटेने चालत राहिले असते तर युरोपभर मानसन्मान ठरलेला होता.

ते चालले नाहीत. हळूहळू एकेक गोष्ट कमी करत गेले. स्वर कमी, गती कमी. जुनी चर्चगीतं आणि लोकगीतं यांच्याकडे वळले. त्या वळणाच्या टोकाला ही तिसरी सिंफनी उभी आहे. ‘शोकगीतांची सिंफनी’ असं तिचं नाव. तीन भाग, आणि तिन्ही संथ! पहिल्या भागात पंधराव्या शतकातला, ख्रिस्ताच्या आईचा विलाप आहे. दुसऱ्या भागात झाकोपाने इथल्या गेस्टापोच्या कोठडीत, 1944 साली, अठरा वर्षांच्या हेलेना नावाच्या मुलीने भिंतीवर लिहिलेले शब्द आहेत. तिसऱ्यात एक लोकगीत आहे, सायलेशियाच्या उठावात हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचं. अनेकांनी ही सिंफनी केवळ छळछावण्यांवरची मानली. तिन्ही गीतं एकत्र ठेवून पाहिली की आई आणि मूल यांची ताटातूट हाच धागा दिसतो.

पहिल्या भागाची बांधणी ऐकण्यासारखी आहे. डबल बेसवर, अगदी खर्जात, 24 बारची एक चाल सुरू होते. ती पुरी झाली की दुसरा आवाज तीच चाल पंचमाच्या अंतराने वरून धरतो. म्हणजे पहिल्याचा ‘सा’ मानला तर दुसरा ‘प’वरून निघतो. पहिला मात्र थांबत नाही. मग तिसरा, चौथा, असे आठ आवाज व्हायोलिनपर्यंत चढत जातात. नंतर सगळं आटत आटत एका स्वरावर येतं, आणि तेव्हा कुठे गायिका पहिला शब्द उच्चारते.

1977 मध्ये फ्रान्समधल्या रॉयां इथे ती पहिल्यांदा वाजली आणि समीक्षकांनी झोडपून काढली. नव्या संगीताचा शिपाई पळून गेला, असाच एकूण सूर होता.

त्यावेळी गुरेत्स्की कातोवित्सेच्या अकादमीचे रेक्टर होते. 1979 मध्ये पक्षाच्या अधिकाऱ्यांशी खटके उडाल्यावर त्यांनी ते पद सोडलं. त्याच जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे क्राकोव्हला आले, तेव्हा गुरेत्स्कींनी आपली ‘बेआतुस विर’ ही रचना त्यांच्यासमोर स्वतः संचालित केली. 1981 मध्ये बिदगोश्च इथे पोलिसांनी सॉलिडॅरिटीच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली. त्यावर त्यांनी ‘मिझेरेरे’ लिहिलं. वाद्यांशिवाय मोठा गायकवृंद, अर्ध्या तासाहून अधिक वेळ, आणि शब्द लॅटिनचे फक्त पाच! दयेची याचना करणारे शब्द तर अगदी शेवटी येतात. हे गायलं जायला 1987 साल उजाडलं.

या सगळ्यात शिकवणंही झालं. एउगेनिउश क्नापिक, आंजेय क्शानोव्स्की, राफाऊ आउगुस्तिन हे त्यांचे शिष्य. क्नापिक तर पुढे त्याच अकादमीचे रेक्टर झाले. विद्यार्थ्यांना ते सांगत, की दोन-तीन दिवस संगीतावाचून राहू शकत असाल तर लिहूच नका, वेळ दुसरीकडे घालवा. ऐकायला विनोद वाटतो, पण स्वतःलाही त्यांनी हीच कसोटी लावली होती.

तर 1992 मध्ये डेव्हिड झिनमन यांच्या संचालनाखाली, डॉन अपशॉ यांच्या आवाजात ती रेकॉर्ड आली. जगभरातून मागणी सुरू झाली, की अजून एक अशीच सिंफनी द्या. गुरेत्स्कींनी दिली नाही. उलट क्रोनोस क्वार्टेटसाठी 1995 मध्ये पूर्ण केलेली तिसरी चौकडी त्यांनी दहा वर्षं स्वतःजवळच ठेवली. वादकांच्या हाती ती 2005 मध्ये पडली. चौथी सिंफनी अपुरी असतानाच 12 नोव्हेंबर 2010 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा मिकोवाय, जो त्यांचाच विद्यार्थी, त्याने ती वाद्यवृंदासाठी पूर्ण केली आणि 2014 मध्ये ती लंडनला वाजली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. त्या पंधरा वर्षांत गुरेत्स्की काय करत होते? लिहीत होते, शिकवत होते, पद सोडत होते. नंतर टाळ्या आल्या तेव्हाही त्यांनी चाल बदलली नाही. आज घरी गेल्यावर तिसरी सिंफनी लावा, पण पहिली काही मिनिटं आवाज वाढवू नका. सुरुवात ऐकू येत नाही असं वाटेल. तशीच ती आहे. थोडं थांबा, खालून चाल वर येते.