संगणक गादीवर, हिशेब मागावर

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लाल वहीवर विसंबून असलेल्या छोट्या कापड व्यापाऱ्यालाही हिशेबाचे सॉफ्टवेअर घेणे भाग पडले. पण मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत अनेक पेढ्यांवर आजही एकच चित्र दिसते. संगणक गादीवर असतो आणि खरा हिशेब मेहताजींच्या खिशातल्या डायरीत. दोन्ही जुळले नाहीत की दोष संगणकाला दिला जातो.

मूळ दुखणे वेगळे आहे. मालक, त्याचा शिकलेला मुलगा आणि सॉफ्टवेअर विकणारा असे तिघे बसून सारे ठरवतात. ज्यांच्या हातून माल जातो-येतो, त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्या धंद्यात सूत किलोवर येते, कापड ताक्यांत मोजले जाते आणि मजुरी मीटरवर निघते. एकाच सुताला गोदामात एक नाव, बिलात दुसरे. ही नावे आणि मापे ठरवताना गोदामवाला व घडीवाला समोर नसेल, तर पहिल्याच महिन्यात साठा चुकतो.

तारखांचेही तसेच आहे. जॉबवर्कसाठी पाठवलेले सूत एक वर्षात हिशेबात परत आले नाही, तर जीएसटी कायदा ती विक्री धरतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या छोट्या कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. माल कोणत्या दिवशी गेला आणि कोणत्या दिवशी उतरला, हे गोदामातल्या माणसालाच ठाऊक असते. तो नोंद सांगेल तेव्हाच संगणकाला कळेल.

सर्वांत नाजूक बाब मजुरीची. विणकराचा विश्वास मेहताजींच्या अक्षरावर असतो. अचानक त्याच्या हातात इंग्रजी पावती पडली आणि आकडा नेहमीपेक्षा कमी निघाला, तर संशय येणारच. पावतीवर ताका नंबर, मीटर, दर, उचल आणि कपात वेगवेगळी दिसली पाहिजे, आणि तीही कारीगराला वाचता येईल अशा भाषेत. पहिली पावती त्याच्यासमोर बसून समजावून द्यावी.

मेहताजींच्या मनातली भीतीही ओळखली पाहिजे. यंत्र आले म्हणजे आपली रोजी गेली, असे त्यांना वाटते. उलट, कोणता व्यापारी कधी पैसे देतो, कोणत्या मिलच्या सुताला तूट जास्त येते, हे ज्ञान त्यांच्याजवळच आहे. मालकाने त्यांना पहिल्या दिवशीच सांगावे की नोंद मुलगा करील, पण तपासणी तुमचीच राहील.

म्हणून सॉफ्टवेअर घेण्याआधी एका शुक्रवारी, माग बंद असताना, मेहता, गोदामवाला, घडीवाला आणि दोन-तीन जुने कारीगर यांना बसवून मशवरा करावा. प्रत्येकाने आपली अडचण सांगावी. विकणाऱ्याला त्याच बैठकीत बोलवावे, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर आपल्या कामाला येते की नाही ते तिथेच कळेल. सुरुवात रमजान, दिवाळी किंवा मार्च अखेर टाळून करावी. किमान एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवून दर आठवड्याला ताळा घ्यावा. कोणाला काय पाहता येईल आणि लिहिलेली नोंद कोण बदलू शकेल, हेही आधीच ठरवावे.

कुरआन शरीफची सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार असावेत, अशी ताकीद तिच्यात आहे. वही असो की संगणक, हिशेब ही अमानत आहे. ज्यांचा घाम त्या हिशेबात आहे, त्यांना तो कळला पाहिजे. तेवढे झाले तर पगाराच्या दिवशी गादीपुढे वाद होणार नाहीत, आणि बरकतही तिथेच आहे.