गव्हाचा चीक, मक्याचा चीक

वैशाखात आमच्या चोपडा तालुक्यातल्या घरी पहाटे चारलाच चूल पेटायची. कुरडया उन्हाच्या आत घालून व्हायला हव्यात, म्हणून चीक अंधारातच शिजवायला घ्यायचा. गहू तीन दिवस भिजलेला असे, रोज पाणी बदललेलं. आजी एक दाणा दोन बोटांत दाबून बघायची. आतून पांढरं दूध सहज सुटलं तर ठीक, नाहीतर गहू आणखी एक दिवस पाण्यात. मग तो वाटायचा, पाण्यात कालवून पिळायचा, फडक्यातून गाळायचा, आणि रात्रभर त्या पातेल्याला कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी वर पिवळसर, आंबूस निवळी आणि तळाशी पांढराशुभ्र साका. निवळी अलगद ओतून दिली की खाली उरतो तो चीक.

एक भांडं चीक, एक भांडं पाणी, मीठ, चिमूटभर हिंग. आधणात चीक ओतायला एक बाई आणि ढवळायला दुसरी, कारण हात जरा थांबला की गाठी झाल्याच. दुधासारखा दिसणारा तो द्रव दोन-चार मिनिटांत आळतो, घोटणाऱ्या हाताला जड लागायला लागतो, आणि शिजत आला की काचेसारखी झाक धरतो. आम्ही मुलं वाट्या घेऊन ताटकळलेली असायचो. गरम चिकावर शेंगदाण्याचं कच्चं तेल. सोऱ्याची पाळी त्यानंतर.

त्या पातेल्यात काय घडतं, ते मला फार उशिरा कळलं. गव्हातला स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि गार पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून तर रात्रीत तळाशी बसतो. पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की हे कण पाणी पिऊन फुगतात. फुगता फुगता एकमेकांना खेटतात, त्यांच्यातल्या लांब साखळ्या बाहेर पसरतात आणि मोकळ्या पाण्याला हलायला जागा उरत नाही. यालाच आपण ‘आळलं’ म्हणतो. गाठी होण्याचं कारणही हेच: पिठाचा गोळा एकदम उकळत्या पाण्यात पडला तर बाहेरचे कण आधी फुगतात आणि आतल्या कोरड्या पिठाभोवती भिंत उभी करतात. गार पाण्यात आधी कालवून मग धार धरायची, हा आजीचा नियम त्या भिंतीवरचाच उपाय होता.

आता चीक काढण्याचं हेच काम मोठ्या मापात पाहायचं असेल तर खान्देशाबाहेर जायला नको. सुरत–भुसावळ मार्गावर धुळे जिल्ह्यात दोंडाईचा लागतं. तिथे युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही कंपनी मक्यापासून स्टार्च काढते. कंपनीची स्थापना १९७३ची. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला गुजरात अंबुजा एक्स्पोर्ट्सचा मका-प्रक्रिया कारखाना आहे. म्हणजे या दोन्ही जिल्ह्यांत, जिथे घरोघरी गव्हाचा चीक काढतात, तिथेच मक्याचा चीक काढणारे कारखाने उभे आहेत. आणि पद्धत? मका गंधकाचा किंचित अंश असलेल्या, साधारण ५० अंशांच्या कोमट पाण्यात ३० ते ५० तास भिजवतात. मग जाडसर भरडून तेलकट अंकुर वेगळा काढतात, पुन्हा बारीक दळून साल गाळतात, आणि शेवटी वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत प्रथिनं आणि स्टार्च एकमेकांपासून तोडतात. भिजवणं, वाटणं, गाळणं, निवळणं, क्रम तोच. आजीच्या पातेल्यात रात्रभर जे गुरुत्वाकर्षण करायचं, ते इथे यंत्र काही क्षणांत करतं. आमच्याकडे चोथा गुरांपुढे जायचा किंवा त्याच्या भुसवड्या व्हायच्या. कारखान्यातली सालं आणि प्रथिनंही पशुखाद्यात जातात, अंकुराचं तेल निघतं. मक्याच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्चच असतो. त्यातला काही पिशवीतून ‘कॉर्नफ्लॉवर’ म्हणून घरी येतो, आणि बराचसा औषधाच्या गोळ्या, कापडाची खळ, कागद, लिक्विड ग्लुकोज यांत जातो. अलीकडे इथेनॉलसाठीही मक्याला मागणी आली आहे, त्यामुळे या दाण्याला गिऱ्हाईक वाढलं.

‘चीक’ हा शब्द मला मराठीतल्या फार नेमक्या शब्दांपैकी एक वाटतो. गव्हाचा चीक, झाडाचा चीक, आणि गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचाही चीकच. गाईच्या चिकाला घट्ट करायला पीठ लागत नाही. त्यातली प्रथिनं वाफेवर आपणहून गोठतात आणि खरवस होतो. बाजारातल्या काही ‘खरवस’ मिश्रणांत ते काम चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळातला अगार करतो. पपईचा चीक मात्र उलट्या गुणाचा: तो प्रथिनं तोडतो, मांस मऊ करतो. जळगावच्या उद्योगाच्या इतिहासात त्याची मोठी जागा आहे. १९७८ साली भवरलाल जैन यांनी डबघाईला आलेला केळी-पावडरीचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन करायला सुरुवात केली. केळीची भुकटी ही घट्ट करणारी वस्तू. त्याच जागी सैल करणारी वस्तू बनू लागली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खान्देशी रस्सा म्हणजे दाट, जाड काहीतरी. खरा रस्सा पातळच असतो. वर तर्री, खाली काळ्या मसाल्याचं पाणी, आणि ताटात चुरलेली भाकरी. तो रस्सा घट्ट होतो तो पानात, आणि घट्ट करते ती ज्वारीची किंवा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. स्वयंपाकघरात जो काही दाटपणा येतो तो वाटणाचा: चुलीत भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, कधी शेंगदाणे. यात स्टार्च जवळजवळ नाहीच. बारीक वाटलेले कण आणि त्यांतून सुटणारं तेल पाण्याला अडवून धरतात. म्हणून असा रस्सा जिभेवर भरीव लागतो, पण चिकट होत नाही. वाटण जाडंभरडं राहिलं तर तो लगेच फुटतो. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. घरात त्याला ‘चोथापाणी झालं’ म्हणायचे, आणि नव्या सुनेसाठी ते ऐकणं सोपं नसायचं.

पीठ लावायचं ते हरभऱ्याच्या डाळीचं. जळगाव हे डाळ मिलचं मोठं गाव, तेव्हा बेसनाला तोटा नाही. त्याच एका पिठाची तीन कामं बघा. पातोड्यांत ते इतकं घट्ट शिजवतात की ताटात थापून वड्या कापता येतात. गार झाल्यावर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, म्हणून वडी उकळत्या रश्शातही टिकते. फुनक्यांबरोबरच्या, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांबरोबरच्या, कढीत चमचाभर पीठ पुरतं. दह्यातली प्रथिनं उकळीला एकवटून कढी फाटू नये म्हणून ते मध्ये उभं राहतं. आणि शेवभाजीत ते शेवेच्या रूपाने येतं. शेव वाढायच्या क्षणी टाकायची, कारण पाच मिनिटं जास्त झाली तर ती रस्सा पिऊन टाकते आणि भाजीचा लगदा होतो. ढाब्यावर शेव वेगळी आणि रस्सा वेगळा देतात, ती रीत मला बरोबर वाटते. नगर-मराठवाड्याकडे याच गरजेतून येसर आला, भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, आमटीला लावायला वर्षभराचं तयार.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. दाटपणा कशातून आला ते जिभेला कळतं. खोबऱ्याचा असला तर खोबरं लागतं, शेंगदाण्याचा असला तर शेंगदाणा. रस्सा दाट म्हणजे माल जास्त पडला, हा हिशेब पाहुण्यालाही कळायचा. पाकिटातल्या पदार्थाने नेमका हा हिशेब मोडला, आणि माझी तक्रार तिथे आहे.

कारखान्याला घरचा चीक का चालत नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. सॉसमध्ये आंबटपणा असतो, आणि आम्लात उकळलं की स्टार्चच्या साखळ्या तुटून सॉस पातळ होतो. गोठवलेली ग्रेव्ही वितळली की तिला पाणी सुटतं. जोरात घुसळलं तर फुगलेले कण फुटतात. म्हणून स्टार्चवर प्रक्रिया करून त्याच्या साखळ्यांना मधेमधे टाके घातल्यासारखे जोड देतात. वेष्टनावर ‘आयएनएस १४२२’ दिसतं ते असं सुधारित स्टार्च. त्याच्या जोडीला डिंक. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गवार गम. आईस्क्रीममध्ये बर्फाचे खडे वाढू नयेत म्हणून तो घालतात. ४१५ म्हणजे झँथन. कोबीला काळी कूज आणणाऱ्या जिवाणूकडून तो मिळतो. अमेरिकी कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर मूलभूत काम केलं आणि १९६९ साली अमेरिकेत तो खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी मिळाली. आणि ४१९ म्हणजे गम घट्टी, आपल्या धावड्याचा डिंक. सातपुड्यात धावडा आहे, आणि आदिवासी कुटुंबं जंगलातून डिंक गोळा करत आली आहेत. बाळंतिणीच्या लाडवात तळून फुलवलेला डिंक आणि शीतपेयातलं तेल पाण्यात धरून ठेवणारा आकडा, दोन्ही त्याच झाडाचे.

तेव्हा आकडा दिसला की विष, ही भीती मला पटत नाही. नियमाप्रमाणे वापरलेले हे पदार्थ बहुतेकांना अपाय करत नाहीत. मला खटकतं ते दुसरंच. चार टोमॅटोंचा दाटपणा एका टोमॅटोत आणि चमचाभर स्टार्चमध्ये भागवता येतो, आणि जिभेला फसवायला साखर, मीठ, रंग आहेतच. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचं बंधन आहे, ते वाचा. पाणी आणि साखर आधी येऊन टोमॅटो मागे पडला असेल, तर दाटपणा कुणाचा ते उघड आहे. दिवाळीच्या खव्याचं आणखी सोपं: चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात पीठ मिसळलंय. एफएसएसएआयच्या घरगुती तपासण्यांत ही चाचणी दिलेली आहे. हवं तर आधी कुरडईच्या तुकड्यावर करून बघा, रंग ओळखीचा होईल.

घट्टपणाचं मोल मला सगळ्यात जास्त कळलं ते वडिलांना, अप्पांना, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा. गिळण्याची ताकद कमी झाली होती. साधं पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागायचा. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, पातळ काही द्यायचं नाही, आणि पातळ व घन दोन्ही एकत्र असलेलं, म्हणजे रश्शात चुरलेली भाकरी, तर मुळीच नाही. जगभर यासाठी आयडीडीएसआय नावाची ० ते ७ अशी मोजपट्टी वापरतात. पातळ पदार्थांची चाचणी घरी करता येते. ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर द्रव भरायचा, खालचं बोट काढायचं, १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर दुसरी पातळी. अप्पांना ती हवी होती.

आईने आधी चीक सुचवला. घरातलं घट्ट करायचं म्हणजे तोच. पण लाळेत स्टार्च तोडणारं द्रव्य असतं. उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला की चीक सैल पडत जातो, आणि हळूहळू जेवणाऱ्या माणसाची वाटी शेवटी पाण्यासारखी होते. झँथनवर लाळेचा असा परिणाम होत नाही. म्हणून बाईंनी झँथनचा डबा लिहून दिला, ज्या आकड्याकडे मी दुकानात कपाळाला आठ्या घालून बघायचो तोच ४१५.

पंधराव्या दिवशी अप्पा म्हणाले, “रस्सा दे माले.” आईने वाटण नेहमीपेक्षा दुप्पट बारीक केलं, तिखट कमी टाकलं, रस्सा दोनदा गाळला आणि त्यात मापाने झँथन घोटलं. मी सिरिंज भरली, आई घड्याळाकडे बघत होती. १० सेकंदांनी ६ मिलिलिटर उरलं. वर तर्री नव्हती, पण काळ्या मसाल्याचा वास घरभर होता. आईने पहिला चमचा अप्पांच्या ओठांशी नेला आणि ते गिळेपर्यंत दुसरा भरला नाही.