हवेचा आकडा येतो कोठून?

हिवाळा सुरू झाला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात दम्याच्या व जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. "मोबाइलवर हवा 'मध्यम' दाखवतात, आईला सकाळी फिरायला नेऊ का?" असे नातेवाईक हल्ली आवर्जून विचारतात. हा आकडा तयार कसा होतो हे ठाऊक असल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय घेतला आहे.

१९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्यान्वये हे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ व राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे आहे. जुन्या पद्धतीत आठवड्यातून दोन दिवस चोवीस तास यंत्राने हवा ओढून ती गाळणकागदातून सोडतात. कागदाचे आधीचे व नंतरचे वजन यांतील फरक म्हणजे धूळ. अशा वर्षाकाठी १०४ नोंदी अपेक्षित असतात. पद्धत भरवशाची, पण निकाल हाती येईपर्यंत ती हवा रुग्णाच्या छातीत जाऊन आलेली असते! त्यामुळे तिच्या जोडीला स्वयंचलित केंद्रे आली. मंडळाची अशी केंद्रे पवई, बोरिवली (पूर्व), मुलुंड येथे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा 'सफर' हा उपक्रम मुंबईत २०१५ साली सुरू झाला. त्यातील मालाडचे केंद्र गोरेगावकरांना जवळचे. येथे गाळणपट्टीवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण सोडतात. ते जितके अडतील तितकी धूळ अधिक.

२०१५ पासून देशभर लागू झालेला ० ते ५०० हा निर्देशांक म्हणजे सर्व प्रदूषकांची सरासरी, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतील सर्वांत मोठा तोच निर्देशांक धरतात. मुंबईत हिवाळ्यात तो मान बहुधा धूलिकणांकडे जातो, कारण समुद्राकडील वारे मंदावून धूळ जमिनीलगत अडकते. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सुचविली. म्हणून 'समाधानकारक' हा शब्द दमेकऱ्याने जपूनच घ्यावा.

दुसरी मर्यादा आम्ही स्वतः अनुभवली. आवारातील दुरुस्तीसाठी फरशी उखडली, तेव्हा केंद्राचा आकडा समाधानकारक होता, आणि तळमजल्यावरील कक्षातले रुग्ण मात्र खोकत होते. दोष यंत्राचा नव्हता; ते परिसराची हवा मोजते, आमच्या खिडकीखालची नव्हे. शिवाय धूलिकणांचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर बेततात, त्यामुळे पहाटेचा दाट थर त्यात विरून जातो. पडदे लावणे व पाणी मारणे आम्हास आधीच सुचावयास हवे होते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली; आता आवारातील प्रत्येक कामाआधी आम्ही ती समोर ठेवतो.

केंद्रांचे आकडे 'समीर' या अ‍ॅपवर विनामूल्य पाहता येतात. निर्देशांक २०० वर गेल्यास पहाटेचे फिरणे टाळून ऊन चढल्यावर निघावे, रहदारीचा रस्ता सोडावा व इनहेलर सोबत ठेवावा, असे आम्ही आता नातेवाइकांस सांगतो. आकडा कमी असूनही धाप लागत असेल, तर त्याची वाट न पाहता रुग्णास घेऊन यावे.