खंडाचे मूळ कसे झिजले?

खंडांचे जुने गाभे अढळ असतात, असे आपण समजतो. उत्तर चीनचा पूर्व भाग मात्र याला अपवाद ठरला. शानतुंग प्रांतात मेंगयिन येथे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या किंबरलाइट खडकात हिरे सापडतात. हिरा घडायला साधारण १५० किलोमीटरहून अधिक खोली लागते. म्हणजे तेव्हा तेथील शिलावरण जाड व थंड होते. त्याच भागातील अलीकडच्या बेसॉल्टने वर आणलेले तुकडे मात्र सुमारे ८० किलोमीटर जाडीच सांगतात! बाकीचा थर गेला कुठे?

वय कसे कळते, असे विद्यार्थी विचारतील. पोटॅशियम-४० चा काही भाग आरगॉन वायू बनतो. तप्त लाव्ह्यातून तो निसटतो, खडक थिजल्यावर साठू लागतो. साठा मोजला की वय कळते. (आपल्या लेण्यांच्या काळ्या कातळाचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे वयही याच रीतीने मोजले गेले.)

आम्हांस रसायन अधिक बोलके वाटते. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या लाव्ह्यात स्ट्रॉन्शियम व निओडिमियम जुन्या शिलावरणाची खूण दाखवतात. नंतरच्या लाव्ह्यात खालच्या प्रावरणाची. म्हणजे मोठी झीज तोवर होऊन गेली होती. पॅसिफिकचा तळ खाली घुसून त्यातील पाण्याने मूळ मऊ केले, असे अनेक अभ्यासक मानतात. जड बूड तुटून बुडाले, असे इतर म्हणतात.