झाकण नसलेला गोबरगॅस

ऑफिसच्या ‘गो ग्रीन’ प्रेझेंटेशनमध्ये मी झोकात स्लाइड टाकली होती - ‘जलविद्युत : प्रदूषण शून्य’. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, ‘आणि मिथेन?’ माझी बोलती बंद!

घरी येऊन वाचलं, तेव्हा ट्यूब पेटली. धरणात बुडालेली झाडं, वाहून आलेला पालापाचोळा, शेवाळ, सगळं तळाशी कुजतं. तिथं ऑक्सिजन नसेल तर मिथेन तयार होतो. तो बुडबुड्यांतून वर येतो, टर्बाइनमधून पाणी सुटतानाही निसटतो. आणि मिथेन म्हणजे साधं प्रकरण नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो.

सुट्टीत नायगावला गेलो, तेव्हा काकांपुढे हे ज्ञान पाजळलं. अंगणातल्या गोबरगॅसकडे बोट दाखवत काका म्हणाले, ‘‘मंग ह्याच्यावानीच की! फकस्त झाकण नाही.’’

काकांनी माझी अख्खी स्लाइड एका वाक्यात बसवली!

मग काय, जलविद्युत वाईट? छे! आयपीसीसीच्या २०१४च्या अहवालात एका युनिटमागे कोळशाचा मध्यम आकडा ८२० ग्रॅम आहे, जलविद्युतचा फक्त २४. म्हणजे आमच्या शेजारच्या परळीच्या कोळशापेक्षा पाणी केव्हाही बरं. पण त्याच तक्त्यात जलविद्युतचा वरचा आकडा २२०० आहे. कोळशाच्याही वर!

एवढा फरक का? आपल्याच दोन धरणांकडे बघा. कोयनेत साठतं सुमारे १०५ टीएमसी पाणी, जायकवाडीत १०२. जवळपास सारखंच. पण कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून खाली कोसळतं आणि प्रकल्पाची क्षमता होते १९६० मेगावॉट. जायकवाडीचा नाथसागर सपाटीवर साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला, क्षमता १२ मेगावॉट. पाणी जितकं उथळ, उबदार आणि पसरट, तितकी मिथेनची सोय जास्त. अर्थात जायकवाडी बांधलं शेतीसाठी. तिथल्या सगळ्या गॅसचं बिल विजेच्या नावावर फाडणं अन्याय होईल. शिवाय तेच पाणी मराठवाड्याची तहानही भागवतं.

म्हणून बॉस, यापुढे कुणी ‘ग्रीन’ वीज विकायला आलं, तर एकच प्रश्न विचारा - किती जमीन बुडवून किती वीज?

मी स्लाइड बदललीय. ‘शून्य’ खोडून तिथं हाच प्रश्न टाकलाय. टाळ्या जरा कमी पडल्या. पण मागच्या रांगेतली ती मात्र हसली.