रस्त्याचे नाव लावणारी गाडी

रोमहून निघून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला पिसाकडे जाणारा एक प्राचीन रस्ता आहे, व्हिया ऑरेलिया. रोमन साम्राज्य गेले, रस्ता राहिला. १९५० साली इटलीतील तोरिनो शहराच्या लान्चा कंपनीने आपल्या नव्या मोटारीला या रस्त्याचे नाव दिले. पुढे आप्पिया, फ्लामिनिया, फ्लाविया अशी रोमन रस्त्यांची नावे या घराण्यात रूढच झाली. ऑरेलियाच्या वंशात १९५१ मध्ये एक दोन दारांची, उतरत्या पाठीची गाडी जन्मली. तिचे नाव बी-२० ग्रान तुरिस्मो. ‘ग्रान तुरिस्मो’ म्हणजे लांबचा प्रवास. हे शब्द मोटारींच्या जगात आधीपासून होते, पण त्यांना आजचा अर्थ मिळवून देण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे. दोन माणसे, त्यांचे सामान, दिवसभराची दौड, आणि उतरताना अंग आंबलेले नाही, असा तो अर्थ.

या गाडीमागची माणसे समजली तर गाडी समजते. कंपनीचे संस्थापक विन्चेन्झो लान्चा १९३७ मध्ये वारले. युद्धानंतर कारभार हाती घेणारा त्यांचा मुलगा जानी ऑरेलियाच्या वेळी जेमतेम पंचविशीचा होता. तांत्रिक बाजू पाहायला व्हित्तोरियो यानो होते. आल्फा रोमिओच्या गाजलेल्या शर्यतीच्या गाड्या त्यांच्याच. आणि इंजिनाचे कोडे सोडवले ते फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलियो या अभियंत्याने.

कोडे असे होते. चार सिलिंडरांचे इंजिन आखूड असते, पण थरथरते. सहा सिलिंडर एका ओळीत मांडले की चाल रेशमी होते, पण इंजिन लांबते आणि गाडीचे नाक वाढते. मग तीन-तीनच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या का मांडू नयेत? कारण तसे केल्यावर स्फोटांचा ताल बिघडतो आणि इंजिन हेलकावे खाते. दे व्हिर्जिलियो यांनी गणित मांडून दोन रांगांतला कोन ६० अंशांचा ठेवला आणि भुजदंडावर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र जागा दिली. ताल समान झाला. नियमित उत्पादनात आलेले जगातले पहिले व्ही-६ इंजिन हेच. आज असंख्य गाड्यांत ही रचना असते आणि कुणाला तिचे विशेष वाटत नाही.

दुसरी करामत वजनाची. इंजिन पुढे ठेवून क्लच आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेले, जणू कावडीची दोन टोके. मागचे ब्रेकही चाकांत न ठेवता गिअरबॉक्सला लावले. त्यामुळे चाके हलकी झाली आणि खड्ड्याखाचांवर रस्त्याला चिकटून राहू लागली. सुरुवातीच्या गाड्यांना सुकाणू उजवीकडे होते, तेही वाहने उजवीकडून चालणाऱ्या देशात. आल्प्सच्या घाटात चालकाला रस्त्याची कड दिसावी, हे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्याकडच्या घाटात गाडी हाकलेल्यांना ते सहज पटेल.

पहिल्या बी-२० चे इंजिन दोन लिटरचे आणि अवघ्या ७५ अश्वशक्तीचे होते. तेवढ्यावर ती १९५१ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत उतरली. ब्रेशाहून रोमला जाऊन परत येण्याची ही शर्यत, सुमारे दीड हजार किलोमीटरची, साध्या सार्वजनिक रस्त्यांवरची. त्या वर्षी पाऊस होता. लुईजी व्हिल्लोरेझी ४.१ लिटरच्या फेरारीतून पहिले आले. त्यांच्यामागे सुमारे वीस मिनिटांनी दुसरे कोण, तर जिओव्हान्नी ब्राक्को आणि उम्बेर्तो मालिओली, निम्म्या ताकदीच्याही आतल्या ऑरेलियात. पुढच्या वर्षी सिसिलीतील तार्गा फ्लोरिओमध्ये पहिले तीनही क्रमांक ऑरेलियांचे होते. पहिला फेलिचे बोनेत्तोंचा.

खरे घर मात्र तिला रॅलीत मिळाले. रॅलीत निव्वळ वेग पुरत नाही. दिवसरात्र चालायचे, बर्फ, धुके, घाट सोसायचे, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी हजर व्हायचे. जे गुण प्रवाशाला हवेत तेच इथे कामी येतात. १९५३ मध्ये बेल्जियमच्या जॉनी क्लास यांनी लिएज–रोम–लिएज ही दमछाक करणारी रॅली ऑरेलियातून जिंकली. १९५४ मध्ये मोनाकोचेच सुपुत्र लुई शिरॉन माँटे कार्लो रॅली जिंकले. आणि १९५८ मध्ये ग्रीसची अक्रोपोलिस रॅली ऑरेलियातून कुणी जिंकावी? मिल्ले मिलियात तिला मागे टाकणाऱ्या त्याच व्हिल्लोरेझींनी.

मधल्या काळात गाडी बदलत होती. १९५३ मध्ये इंजिन अडीच लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे झाले. वाढत्या ताकदीत वळणावर मागची बाजू अचानक सुटू लागली, म्हणून पुढच्याच वर्षी मागची सगळी झुलणी बदलून दे दियाँ पद्धतीची बसवली. नंतरच्या मालिकांत ताकद थोडी उतरवून आराम वाढवला. १९५८ पर्यंत सहा मालिका निघाल्या, आणि गाड्या चार हजारांच्या आतच.

दुर्मीळतेचे मूळ इथेच आहे. सात-आठ वर्षांत पाच वेळा गाडी सुधारायची, आणि प्रत्येक सुधारणा कारागिराच्या हट्टाने. हा हिशेब वहीत बसणारा नव्हता. त्यातच जानी लान्चांनी खास शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. १९५३ मध्ये मेक्सिकोतील कारेरा पानअमेरिकाना लान्चाने जिंकली, पण तिथेच बोनेत्तो मृत्युमुखी पडले. ग्रां प्रीसाठी डी-५० तयार झाली. तिचे प्रमुख चालक आल्बेर्तो आस्कारी २६ मे १९५५ रोजी मोंझा येथे फेरारी चालवताना गेले. पैसा संपला होता, आता उमेदही संपली. जुलैत शर्यतीचा सगळा सरंजाम फेरारीला देऊन टाकण्यात आला. पुढच्या वर्षी हुआन मान्युएल फांजिओ त्याच गाड्यांच्या बळावर विश्वविजेते झाले. कंपनी सिमेंटचे उद्योगपती कार्लो पेसेन्ती यांच्याकडे गेली, आणि १९६९ मध्ये फियाटकडे.

याला अपयश म्हणायचे का? हिशेबनीस ‘हो’ म्हणेल, आणि त्याचे चुकणार नाही. कारण कंपनी बुडाली की केवळ मालक नव्हे, कामगारही बुडतात. पण ज्या हट्टाने घर गमावले, त्याच हट्टाने ती गाडी इतकी नेमकी झाली होती. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर मांडाव्या लागतात. रोमन बांधकाम्यांनीही व्हिया ऑरेलिया नफ्यासाठी बांधला नव्हता. रोमला तो महाग पडला असेल. वाटसरू मात्र आजही त्यावरून जातात.